निदानाआधी दहा मिनिटं: मेडिकलच्या मुलांबरोबर चित्र पाहण्याचं पहिलं सत्र

थर्ड इयरचा विद्यार्थी वॉर्डात केस प्रेझेंट करतो तेव्हा सुरुवात ठरलेली असते. ‘पेशंट कॉन्शस, कोऑपरेटिव्ह, वेल ओरिएंटेड, मॉडरेटली बिल्ट, मॉडरेटली नरिश्ड, नो पॅलर, नो इक्टेरस, नो सायनोसिस, नो क्लबिंग...’ यादीत चूक काहीच नसते. पण मध्येच थांबवून ‘पेशंटचा डावा हात पांघरुणात होता की बाहेर?’ असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ‘नो पॅलर’, म्हणजे फिकेपणा नाही, असं म्हणताना खालची पापणी ओढून पाहिली होती का, हे तर विचारायचंच नाही. तपासणीत इन्स्पेक्शन, म्हणजे नुसतं पाहणं, पहिलं आणि ऑस्कल्टेशन, म्हणजे स्टेथोस्कोपनं ऐकणं, शेवटचं, हा क्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो. बेडजवळ गेल्यावर हात मात्र आधी स्टेथोस्कोपकडे जातो.

ही सवय मोडायचा एक स्वस्त उपाय म्हणजे मुलांना चित्र पाहायला बसवणं. मेडिकल, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी कॉलेजात नुकतंच शिकवायला लागलेल्या आणि असं सत्र पहिल्यांदाच घेणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. चित्रकलेतलं ओ की ठो कळत नसलं तरी काही बिघडत नाही. किंबहुना ज्याला कळतं, तो शिक्षक फार बोलतो.

हे आलं कुठून

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अर्विन ब्रेव्हरमन हे त्वचारोगाचे प्राध्यापक होते. त्वचारोगात निम्मं निदान डोळ्यांनीच होतं, पण त्यांची मुलं पुरळाचं धड वर्णन करू शकत नव्हती. जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच पाहायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, असं चाललं होतं. ब्रेव्हरमन यांचा विचार साधा होता: या मुलांपुढे अशी गोष्ट ठेवू, जिच्यात महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय हे त्यांना ठाऊकच नसेल, म्हणजे झक मारत सगळंच पाहावं लागेल. मग येलच्याच ब्रिटिश कलासंग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलेंडर यांना बरोबर घेऊन त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुलांना चित्रांसमोर उभं केलं. २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. संग्रहालयात गेलेल्या मुलांची रुग्णांच्या छायाचित्रांतले तपशील टिपण्याची क्षमता इतरांपेक्षा जास्त सुधारली होती. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

पुढे हार्वर्डनं बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाबरोबर असाच कोर्स चालवला. २००८ मधल्या त्यांच्या अहवालात कोर्सनंतर मुलांनी नोंदवलेली निरीक्षणं ३८ टक्क्यांनी वाढल्याचं म्हटलं आहे. २०१८ मध्ये फिलाडेल्फियात फर्स्ट इयरच्या ३६ मुलांवर प्रयोग झाला. निम्म्यांना दीड-दीड तासाची सहा सत्रं दिली होती, आणि डोळ्यांच्या आजारांच्या चित्रांचं वर्णन करताना ती मुलं पुढे गेली. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात एमी हर्मन यांनी मेडिकलच्या मुलांसाठी सुरू केलेला वर्ग नंतर तिथल्या पोलिसांनाही द्यावा लागला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. निरीक्षण सुधारतं, याला बऱ्यापैकी आधार आहे. सहानुभूती वाढते, याचा पुरावा त्या मानानं विरळ आहे. म्हणून विभागप्रमुखांकडे परवानगी मागताना निरीक्षणावर भर द्या. ‘मुलं संवेदनशील होतील’ हे वाक्य अर्जात घातलंत, तर अर्ज ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असं लेबल लागलेल्या फाइलमध्ये जातो.

वेळ, जागा, माणसं

एका चित्रासमोर आठ-दहा मुलं, त्यापेक्षा जास्त नको. दीडशेच्या बॅचला लेक्चर हॉलमध्ये प्रोजेक्टरवर चित्र दाखवलं की पुढच्या बाकावरचे तिघे बोलतात आणि बाकीचे मोबाइलमध्ये जातात. क्लिनिकल पोस्टिंगच्या छोट्या बॅचला धरा. दीड तास मिळाला तर उत्तम, तासाभरातही भागतं. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात एटकॉम, म्हणजे वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवादाचे तास आले आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या तासांना स्लाइड वाचून दाखवल्या जातात. आपलं सत्र तिथेच बसवा, वेगळा तास मागत बसू नका.

मूळ चित्र समोर असेल तर त्याची सर कशालाच नाही. ते नसेल तर ए-थ्री आकाराचे चांगले रंगीत प्रिंट काढा, दोघांत एक. प्रोजेक्टरवर रंग धुतले जातात आणि अंधारात मुलं पेंगतात. चित्राखालचं नाव, साल, चित्रकार कापून टाका किंवा झाका. हे विसरलात तर सत्र तिथेच संपलं, कारण मुलं चित्राआधी नाव वाचतात आणि मग नावाप्रमाणे चित्र पाहतात.

चित्र कोणतं

पहिल्या वेळी अशी चित्रं घ्या ज्यांत तीन-चार तरी माणसं आहेत, काहीतरी घडतंय, आणि काय घडतंय हे पटकन सांगता येत नाही. निसर्गचित्र नको, अमूर्त तर नकोच. ते दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात चालेल. ‘मोनालिसाच्या पापणीजवळ कोलेस्टेरॉलची गाठ आहे म्हणतात’ छापाची चित्रंही टाळा. मुलांना ती फार आवडतात, लगेच निदानाची शर्यत लागते, आणि आपण तर निदान लांबवायला बसलोय.

आपल्याकडच्या मुलांसाठी माझी पहिली पसंती अजिंठ्याला. सोळाव्या लेण्यात एक भित्तिचित्र आहे. आसनावर एक उच्चकुलीन स्त्री रेलून बसली आहे. मान कललेली, डोळे अर्धवट मिटलेले, हातपाय गळून गेलेले. मागून एका दासीनं तिला सावरून धरलंय, दुसरी पंख्यानं वारा घालतेय, दारातून एक म्हातारा आत डोकावतोय. शेजारच्या दालनांत आणखी माणसं आहेत. प्रत्यक्ष लेण्यात उजेड कमी आणि चित्राची पडझड बरीच, त्यामुळे वर्गासाठी स्पष्ट छायाचित्र किंवा जुनी नक्कल शोधा. मुंबईच्या जेजे स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे बरीच वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या कितीतरी लंडनमध्ये आगीत जळाल्या, पण त्यांचे ग्रंथ छापले गेले.

सत्र प्रत्यक्षात

मोबाइल टेबलावर पालथे. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, लिहायचंही नाही, फक्त पाहायचं. दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते, तिसऱ्याला कुणीतरी हसतं. तुम्ही हलू नका. चौथ्या मिनिटापासून खरं पाहणं सुरू होतं. येलला तर मुलांना दहा-पंधरा मिनिटं एका चित्रासमोर ठेवत.

मग तीन प्रश्न. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अॅबिगेल हाउसन यांनी ते घडवले, आणि जगभर हीच पद्धत चालते. मराठीत मी ते असे विचारतो: ‘या चित्रात काय चाललंय?’ ‘असं कशावरून म्हणतोस?’ ‘अजून काय दिसतंय?’ एवढंच. सगळी ताकद मधल्या प्रश्नात आहे.

मुलांना मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत बोलू द्या. इंग्रजीत बोलायला लावलं की ‘शी इज लुकिंग सॅड’च्या पुढे गाडी जात नाही. तीच मुलगी मराठीत म्हणते, ‘सर, हिची मान अशी पडलीय की आता सावरलं नाही तर ही घसरेल.’ हे निरीक्षण आहे, आणि क्लिनिकल निरीक्षण आहे.

फळ्यावर दोन रकाने आखा. डावीकडे ‘दिसतं’, उजवीकडे ‘वाटतं’. संवाद साधारण असा होतो:

‘ती मरतेय.’

‘कशावरून म्हणतेस?’

‘डोळे मिटलेत.’

‘दाखव बरं.’

‘...अर्धवट मिटलेत. पूर्ण नाही.’

‘डोळे अर्धवट मिटलेले’ हे डावीकडे लिहायचं, ‘मरतेय’ उजवीकडे. दुसरा म्हणतो, ‘नाही, चक्कर आली असेल, कारण वारा घालतायत.’ वारा घालणं डावीकडे, चक्कर उजवीकडे. कुणी हायपोग्लायसेमिया (साखर उतरली) म्हणेल, कुणी व्हॅसोव्हेगल (साधी भोवळ), एखादा नुकतीच गायनॅकची पोस्टिंग संपवून आलेला ‘प्रेग्नंट असेल’ म्हणेल. हसू द्या, लिहून घ्या. तुम्ही फक्त तीन कामं करायची: मूल जे बोललं ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगायचं, चित्रात त्या जागी बोट ठेवायचं, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्याशी जोडायचं. ‘बरोबर’, ‘व्हेरी गुड’, ‘नाही रे’ हे शब्द तासाभरासाठी विसरा. आपल्यासारख्या, आयुष्यभर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, दिलेल्या आणि घेतलेल्या माणसांना हे फार जड जातं. चेहऱ्यावरूनसुद्धा मुलं ओळखतात की सरांना हवं ते उत्तर आलं, आणि मग बोलणं थांबतं.

साधारण पंचवीस-तीस मिनिटांनी डावा रकाना भरतो. आता चित्राची माहिती सांगा.

एकोणिसाव्या शतकापासून हे चित्र ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध झालं. ग्रिफिथ्स तर त्यातल्या करुणेनं इतके भारावले की कलेच्या इतिहासात याला तोड नाही असं त्यांनी लिहिलं. पिढ्यानपिढ्या लोक लेण्यात उभं राहून मरणारी राजकन्या पाहत आले. नंतर अभ्यासकांनी शेजारची दृश्यं जोडून पाहिली आणि कथा वेगळी निघाली. ही नंदाची पत्नी सुंदरी. बुद्धाचा सावत्रभाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला, आणि तो पाहून ती कोसळली. मरण नाही, मूर्च्छा. कारण तिच्या शरीरात नाही, बाजूला मुकुट धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे.

इथे थांबा आणि फळ्याकडे पाहायला सांगा. डाव्या रकान्यातली एकही ओळ खोडावी लागत नाही. उजवा रकाना जवळजवळ सगळा उलटतो. आणि मुकुटवाला माणूस डाव्या रकान्यात आलाय का, हे विचारा. बहुतेक वेळा कुणी तिकडे पाहिलेलंच नसतं, कारण सगळ्यांचे डोळे ‘पेशंट’वर.

इथून वॉर्डाकडे जायला एक वाक्य पुरतं. रेफरल चिठ्ठीवर ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’, ‘फंक्शनल’ (शारीरिक कारण सापडत नाही), ‘औषधं घेत नाही’ असं लिहून आलेला प्रत्येक पेशंट नाव चिकटवलेलं चित्र असतो. मुलांना त्यांच्या पोस्टिंगमधली अशी एक केस आठवायला सांगा, नावगाव न घेता. इथे सत्र लांबलं तर लांबू द्या, बाकीचं आवरतं घ्या.

वेळ उरला तर पाठीला पाठ लावून बसायचा खेळ घ्या. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं नुसतं सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. ‘इथे एक बाई आहे’ म्हणजे कुठे, केवढी, कुणीकडे तोंड करून? रात्री अडीचला फोनवरून सिनियरला केस सांगताना रेसिडेंटची नेमकी हीच पंचाईत होते.

सहानुभूतीचा भाग

दुसऱ्या सत्रात डॉक्टर असलेली दोन चित्रं शेजारी ठेवा. एक लंडनच्या टेट संग्रहालयातलं, ल्यूक फिल्ड्स यांचं १८९१ मधलं ‘द डॉक्टर’. दुसरं पिकासोनं १८९७ मध्ये, पंधराव्या वर्षी काढलेलं, बार्सिलोनातलं ‘सायन्स अँड चॅरिटी’.

फिल्ड्सच्या चित्रात गरिबाघरचं आजारी मूल दोन वेगवेगळ्या खुर्च्या जोडून त्यावर निजवलंय. डॉक्टर हनुवटीला हात लावून पुढे झुकलाय आणि मुलाकडे पाहतोय. टेबलावर औषधाची बाटली, कप, चमचा. मागे खिडकीतून पहाटेचा उजेड येतोय. अंधाऱ्या बाजूला बाप उभा आहे, त्याचा हात बायकोच्या खांद्यावर, आणि तिनं टेबलावर डोकं टेकलंय. फिल्ड्सचा स्वतःचा मुलगा फिलिप १८७७ च्या नाताळात गेला होता आणि त्या वेळच्या डॉक्टरची वागणूक त्याच्या मनात राहिली होती. पिकासोच्या चित्रात डॉक्टर बाईची नाडी धरून बसलाय आणि पाहतोय हातातल्या घड्याळाकडे. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तिचं मूल कडेवर घेतलेली ख्रिस्ती जोगीण (नन) तिच्यापुढे पेला धरतेय. डॉक्टरसाठी पिकासोचे वडीलच मॉडेल म्हणून बसले होते.

यावर एकच प्रश्न: कोण कुणाकडे पाहतंय? कागदावर प्रत्येक माणसापासून त्याच्या नजरेच्या दिशेनं बाण काढायला लावा. पिकासोच्या डॉक्टरला मुलं लगेच ‘थंड’ ठरवतात. तेव्हा विचारा, नाडी मोजताना तुम्ही कुठे पाहता? घड्याळाकडेच. म्हणजे चित्रातला डॉक्टर चुकतोय असं नाही, आणि तरी त्या क्षणी पेशंटकडे कुणीतरी दुसरं पाहत असावं लागतं. आपल्या वॉर्डात ते कोण असतं? उत्तरं येतात: सिस्टर, मावशी, शेजारच्या बेडचे नातेवाईक. फिल्ड्सच्या चित्राकडेही भाबडेपणानं पाहू देऊ नका. १९४९ च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं सरकारी आरोग्य विम्याला विरोध करायला हेच चित्र पोस्टरवर वापरलं होतं. गोड डॉक्टरचं चित्र कुणाच्या सोयीचं असतं, यावर इंटर्न्स फार चांगलं बोलतात.

मग दहा ओळी लिहायला द्या: टेबलावर डोकं ठेवलेल्या आईच्या तोंडून. ‘डॉक्टरांबद्दल मला काय वाटतं’ असा विषय देऊ नका, त्यातून निबंध निघतात. ‘या रात्री मला काय काय ऐकू येतंय’ असा द्या. वाचून दाखवायची सक्ती नको. वर्गात एखाद्यानं नुकतंच घरचं माणूस गमावलेलं असतं आणि ते तुम्हाला माहीत नसतं. कुणी उठून बाहेर गेलं तर जाऊ द्या, नंतर एकट्यानं भेटा.

थर्ड इयरला, म्हणजे पेशंट रोज भेटायला लागल्यावरच मुलांची सहानुभूती घसरते, असं फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजच्या २००९ मधल्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून हे दुसरं सत्र फर्स्ट इयरला उरकून टाकू नका, थर्ड इयरसाठी राखून ठेवा.

त्याच आठवड्यात वॉर्डात

चित्र पाहून मुलं घरी गेली आणि पुढे काहीच झालं नाही, तर ती सहल होते. त्याच आठवड्यात बेडसाइडला तीच पद्धत वापरा, पण एक अट पाळा. पेशंट म्हणजे भिंतीवर टांगलेलं चित्र नाही. आठ जणांनी पायथ्याशी उभं राहून टक लावली तर कुणालाही मेल्याहून मेल्यासारखं होईल. आधी विचारा, ‘काका, ही मुलं शिकतायत. दोन मिनिटं तुमच्याजवळ थांबून नुसतं पाहतील, चालेल का?’ दोघांनाच पाठवा, आणि पाहताना काकांशी बोलायला सांगा. नंतर डेमो रूममध्ये येऊन डावा रकाना भरायचा: बसलेत की टेकलेत, किती उशा, श्वास घेताना खांदे हलतात का, सलाइन कोणत्या हाताला, लॉकरवरचा डबा उघडलाय की तसाच आहे, बेडखाली चटई आहे का, म्हणजे रात्री कुणी सोबतीला असतं का, चपला कोणत्या बाजूला आहेत. तीन उशांना टेकून बसलेला माणूस हार्ट फेल्युअरबद्दल जे सांगतो, ते केस पेपरवर यायला अजून तास असतो.

फरक पडला का हे पाहायचं कसं

मार्क नकोत. पहिल्या सत्राआधी एक क्लिनिकल छायाचित्र दाखवून तीन मिनिटांत दिसेल ते लिहायला लावा. शेवटच्या सत्रानंतर त्याच तोडीचं दुसरं द्या. पेशंटची ओळख पटणार नाही आणि संमती घेतलेली आहे, असंच छायाचित्र घ्या. दोन्ही कागदांवरची निरीक्षणं मोजा, आणि वर्णनात घुसलेली निदानं वेगळ्या रंगानं अधोरेखित करा. मुलांना आपापले दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू द्या. विभागप्रमुखांनाही हेच दाखवा.

बाहेर न्यायचं तर

मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जेजे हॉस्पिटलपासून जवळ आहे. भाऊ दाजी गोव्यात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, आणि अजिंठ्याचे शिलालेख स्वतः जाऊन उतरवून घेणारे संशोधक. काळा घोड्याचं आधुनिक कला दालन आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एकाच फेरीत होतात. सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या कॉलेजांनी औंध गाठावं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या तिथल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची सैरंध्री आहे, आणि तिच्यासमोर गर्दीत धक्का न खाता उभं राहता येतं. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटर. सोळाव्या लेण्यात फ्लॅश चालत नाही, आणि डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं सत्रात धरा. कुठेही गेलात तरी गाइडला आधीच हात जोडून सांगा: शेवटपर्यंत काही बोलू नका.

तिसऱ्या सत्रासाठी चित्र मुलांनाच आणू द्या. सांगितलं नाही तर सगळे ॲप्रन आणि स्टेथोस्कोपवाली चित्रं डाउनलोड करून आणतात, म्हणून अट आधीच घाला: चित्रात डॉक्टर नको, आणि चित्राचं नाव मागच्या बाजूला लिहून त्यावर कागद चिकटवलेला हवा.